स्टेंट सरकार देतं, गोळी लागू पडेल का तेही बघू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्या टेबलावर गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडत होत्या. महिन्याप्रमाणे रबरबँड लावलेले गठ्ठे, प्रत्येक पाकिटावर बॉलपेनने टाकलेली तारीख. "एक बी गोळी चुकविली न्हाई बगा ह्यांनी," त्या म्हणाल्या. यजमान साखर कारखान्यात फिटर, वय ५१. पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ॲन्जिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, घरचा पैसा गेला नाही. आणि पाच महिन्यांनी तोच स्टेंट गुठळीने बंद पडला. माणूस वाचला, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आता घरचा जिना चढताना मध्ये बसावं लागतं.

गोळ्या वेळेवर दिल्या नाहीत असा ठपका आपल्यावर येईल, अशी भीती त्या बाईंना होती. म्हणून त्या पुरावा घेऊन आल्या होत्या.

दुसऱ्या अटॅकनंतर पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक जनुकीय चाचणी सांगितली. मुलाने खिशातून पैसे भरून ती केली. रिपोर्टमध्ये कामाची एकच ओळ होती: सीवायपी२सी१९ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी. म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या ज्या क्लोपिडोग्रेलची पाकिटं बाईंनी जपून ठेवली होती, ती गोळी त्यांच्या यजमानांच्या अंगात नीट तयारच होत नव्हती.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी २४ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. माझ्या ओपीडीत बहुतेक पेशंट शुगर, बीपी आणि हृदयाचे. आजवर जनुकीय चाचण्यांचा विषय निघाला की मी हात झटकायचे. ते मोठ्या शहरांतलं, पैसेवाल्यांचं काम, असं वाटायचं. त्या पाकिटांनंतर मी या विषयात वाचायला बसले. जे समजलं त्यावरून आपल्याकडे एक मागणी करायची आहे: ज्या जनुकीय चाचणीने उद्याची औषधाची चिठ्ठी बदलते, ती सरकारी दवाखान्यात आणा. जिच्याने चिठ्ठी बदलत नाही, ती सरकारच्या नावाने कुठल्याही शिबिरात होऊ देऊ नका.

आधी त्या गोळीबद्दल. क्लोपिडोग्रेल आपण गिळतो तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातलं एक एन्झाइम तिच्यावर प्रक्रिया करतं, तेव्हा कुठे ती प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटण्यापासून रोखते. हे एन्झाइम ज्या जनुकावरून बनतं त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत निकामी असेल तर औषध कमी तयार होतं, दोन्ही निकामी असतील तर फारच कमी. नुकता स्टेंट बसलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याचसाठी. युरोपीय वंशाच्या लोकांत निकामी प्रत असणारे कमी, आपल्याकडे पुष्कळ. ब्रिटनमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी कुटुंबांच्या मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांकडे किमान एक निकामी प्रत सापडली. ही माणसं आपल्याच उपखंडातली, आणि हृदयविकाराचं ओझंही आपल्यासारखंच.

माझ्या पेशंटचा स्टेंट याच एका कारणाने बंद पडला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांना शुगर होती. तंबाखूची पुडीही पूर्ण सुटली नव्हती. वैद्यकीय पुरावाही एकाच बाजूने बोलत नाही. २०२० मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुक बघून औषध ठरवण्याचा फायदा दिसला, पण ठरवलेल्या संख्याशास्त्रीय कसोटीला तो थोडक्यासाठी उतरला नाही. त्याआधी २०१९ मध्ये मुख्यतः नेदरलँड्समधल्या सुमारे अडीच हजार पेशंटवरच्या अभ्यासात मात्र एक फार उपयोगी गोष्ट कळली: ज्यांच्या दोन्ही प्रती शाबूत आहेत त्यांना साधी क्लोपिडोग्रेल दिली तर निकाल महागड्या, तीव्र गोळ्यांइतकाच चांगला, आणि रक्तस्राव कमी. जुलै २०२४ मध्ये उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने पक्षाघाताच्या पेशंटला क्लोपिडोग्रेल देण्याआधी ही जनुकीय चाचणी करावी अशी शिफारस केली.

मग सगळ्यांनाच टिकाग्रेलॉर, म्हणजे या एन्झाइमवर अवलंबून नसलेली तीव्र गोळी, का देत नाही, असं आपले अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. ती गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, काहींना तिने धाप लागते, रक्तस्राव जास्त होतो, आणि महिन्याचा खर्च वाढतो. पहिल्या महिन्यानंतर कितीतरी पेशंट गावच्या मेडिकलमधून स्वस्तातली गोळी बदलून घेतात. कुणाला स्वस्त गोळी बिनधोक चालेल आणि कुणाला चालणार नाही, एवढंच ही चाचणी सांगते. रक्ताचा थेंब किंवा गालाच्या आतून पुसून घेतलेला नमुना पुरतो. माणसाचं जनुक बदलत नाही, त्यामुळे ती आयुष्यात एकदाच करायची. कोविडच्या काळात घेतलेली आरटी-पीसीआर यंत्रं आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, ती चालवणारी माणसंही तयार झालेली आहेत. या चाचणीला लागतं ते त्याच जातीचं यंत्र. लागणारं किट आणि थोडं प्रशिक्षण द्या, ॲन्जिओप्लास्टीच्या पॅकेजला ही चाचणी जोडा, सुरुवात दोन-तीन महाविद्यालयांपासून करा आणि वर्षभराची नोंद ठेवा. महाराष्ट्रात किती जणांची गोळी बदलली, किती जणांचा स्टेंट पुन्हा बंद पडला, हे आकडे आपल्याच हातात येतील.

एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे, उद्या परिपत्रक काढलं तरी होईल. क्लोपिडोग्रेलसोबत ॲसिडिटीसाठी सर्रास ओमेप्राझोल दिली जाते. ती त्याच एन्झाइमला अडवते. एक प्रत निकामी असलेल्या माणसाला वरून ही गोळी म्हणजे उरलेली अर्धी वाटही बंद. पँटोप्राझोलने हा त्रास बराच कमी होतो. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या चिठ्ठ्यांवर ही जोडी मला अजूनही दर आठवड्याला दिसते.

आता दुसरी बाजू, जिची मला जास्त काळजी वाटते.

गणपतीला गावी आलेला एक तरुण, वय ३३, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. हातात गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तिका. कंपनीत शिबिर झालं, थुंकीचा नमुना दिला, पैसे भरले आणि 'तुमची जनुकीय कुंडली' घरपोच आली. त्याने मधुमेहाचं पान उघडून दाखवलं. हिरवी पट्टी, 'सरासरीपेक्षा कमी धोका'. पुढच्या पानांवर त्याला कुठला व्यायाम मानवेल, दूध पचेल का, टक्कल पडेल का. त्याची आई इन्सुलिनवर आहे, हे मला माहीत, कारण ती माझीच पेशंट. वडिलांना ४९व्या वर्षी अटॅक आला. मी ड्रॉवरमधली टेप काढून त्याची कंबर मोजली: १०१ सेंटिमीटर. उपाशीपोटी शुगर करायला लावली, १२१ आली. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. "पण रिपोर्ट हिरवा आहे ना, मॅडम?" तो म्हणाला. मला त्याच्याशी अर्धा तास वाद घालावा लागला. शेवटी तो 'बघतो' म्हणून गेला आणि पुस्तिका पिशवीत जपून ठेवली.

ती पट्टी हिरवी कशी आली, हे समजून घेण्यासारखं आहे. टाइप २ मधुमेह एका जनुकामुळे होत नाही. शेकडो जागी असलेले छोटे छोटे फरक एकत्र येतात, प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ. २००६ मध्ये सापडलेलं टीसीएफ७एल२ हे त्यातलं सर्वांत ठळक जनुक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने २००७ मध्ये दाखवलं की आपल्याकडेही त्याचा मधुमेहाशी संबंध आहे. पण सर्वांत ठळक म्हणायचं तेही धोका काही पटींनी वाढवत नाही. एका प्रतीमागे साधारण दीडपटीच्या आतच. अशा शेकडो फरकांची बेरीज करून जो गुण काढतात त्याला पॉलीजेनिक रिस्क स्कोअर म्हणतात. २०१९ मधल्या एका विश्लेषणानुसार अशा संशोधनांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि त्यावरून काढलेले गुण दक्षिण आशियाई माणसांवर वापरले की त्यांची अचूकता सरासरी ३७ टक्क्यांनी घसरत होती. परक्याच्या मापाने शिवलेला सदरा आपल्याला घालून 'बसतोय' म्हणायचं, असा हा प्रकार.

आणि आपलं माप खरोखरच वेगळं आहे, हे सिद्ध झालं ते आपल्याच पुण्यात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाच्या तक्त्यावर दोघेही सडपातळ. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमने जो अभ्यास सुरू केला त्यात बाळं सरासरी २.७ किलोची जन्मत होती, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. गरोदर आईच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मूल सहा वर्षांचं होताना त्याचं इन्सुलिन कमी प्रभावी ठरतं, हेही तिथेच दिसलं. माझ्या ओपीडीत लोक म्हणतात, "आमच्या घराण्यातच शुगर आहे, डॉक्टर." घराण्यातून जनुक येतं हे खरं. पण घराण्यातून आईचा उपासही येतो, चुलही येते, ताटातला भात आणि साखरेचा चहाही येतो. थुंकीच्या नमुन्यात यातलं काही दिसत नाही.

हिरवी पट्टी बघून माणूस निर्धास्त होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लाल पट्टी बघून तरी सुधारतो का? २०१६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १८ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. जनुकीय धोका सांगितल्याने लोकांच्या खाण्यात, व्यायामात, धूम्रपानात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. उलट चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की उंबरठ्यावरच्या भारतीय माणसांना चालणं आणि आहार नीट समजावून, पाठपुरावा ठेवून करायला लावला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटतं. तिथे जनुकं बघितलेली नव्हती.

मंत्रिमहोदय, आपल्या आशाताईंकडे एक कागदी फॉर्म आहे. त्याच्या पहिल्या भागात सहा प्रश्न: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांना किंवा भावंडांना बीपी-शुगर-हृदयविकार आहे का. त्या पुण्याच्या तरुणाने हा फॉर्म भरला असता तर त्याचे गुण चारच्या वर गेले असते आणि आशाताईने त्याला थेट तपासणीला पाठवलं असतं. घराण्याचा इतिहास विचारणं ही आजही मधुमेहासाठीची आपली सर्वांत चांगली जनुकीय चाचणी आहे, आणि ती फुकट आहे. तो प्रश्न घाईत 'नाही' लिहून पुढे ढकलला जाऊ नये म्हणून आशाताईंना वेळ आणि मोबदला द्या. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि शेजारच्या गोव्यात प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. एवढ्या माणसांना पुस्तिका वाटून काही होणार नाही.

याचा अर्थ मधुमेहात जनुक बघायचंच नाही, असा नाही. कुणाचं बघायचं, हा प्रश्न आहे. माझ्याकडे एक १९ वर्षांची मुलगी होती, किडकिडीत, शाळेपासून इन्सुलिनवर, 'टाइप वन' म्हणून, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा मधुमेह. तिच्या आईला विशीत शुगर, आजोबांना विशीत शुगर, तिघेही बारीक. हे टाइप वनचं वळण नाही. सी-पेप्टाइड केलं, म्हणजे स्वतःचं इन्सुलिन अंगात बनतंय का ते पाहिलं, तर चांगलं बनत होतं. पुढे जनुकीय चाचणीत एचएनएफ१ए या एकाच जनुकातला दोष निघाला. या प्रकाराला मोडी म्हणतात आणि तो ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीला छान दाद देतो. तिची इन्सुलिनची सुई बंद झाली. घरी गेल्यावर तिने फ्रीजमधला इन्सुलिनचा डबा धुऊन त्यात कोथिंबीर ठेवली, असं तिच्या आईने सांगितलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर जनुकीय चाचणी तातडीने व्हायलाच हवी, कारण त्यातल्या बऱ्याच बाळांनाही सुईऐवजी गोळी चालते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. तिशीच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येकाचं सी-पेप्टाइड आणि टाइप वन ओळखायला मदत करणारी गॅड अँटिबॉडी ही रक्ततपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत होऊ द्या; जनुकीय चाचणीच्या मानाने हे स्वस्त आहे. त्यातून जे थोडे संशयित उरतील त्यांचीच जनुकीय चाचणी राज्यातल्या एखाद्या केंद्रात करा. टाइप वन की टाइप टू हे ठरत नसेल तेव्हा जनुकीय गुणांचाही उपयोग होतो. केईएम, सीसीएमबी आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये पुण्याच्या पेशंटवर ते करून दाखवलं आहे. तिथे आधीच आजारी असलेल्या माणसाचं निदान पक्कं करायला गुण वापरले, निरोगी माणसाचं भविष्य सांगायला नाहीत.

आणि जी जनुकीय माहिती सरकारकडे आधीच गोळा होते आहे, तिचं काय? नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते, रंगीत कार्डं दिली जातात. त्याच जिल्ह्यांत आता शुगरही वाढते आहे आणि ती बहुतेक वेळा एचबीए१सीवरून, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीवरून, मोजली जाते. सिकलसेलच्या रुग्णात तो आकडा विश्वासाचा नसतो, कारण लाल पेशी लवकर मरतात. वाहक असलेल्यांतही तो खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसू शकतो. पेशंट आकडा बघून खूश, आणि आत डोळे-किडनी खराब होत राहतात. सिकलसेलचं कार्ड आणि शुगरचं कार्ड एकाच टेबलावर आणा. ज्यांच्या कार्डावर सिकलसेल आहे त्यांचा निर्णय उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या शुगरवर घ्या.

याच कार्डांनी आपल्याला अजून एक धडा दिलेला आहे. रिपोर्ट एका माणसाचा नसतो, घराचा असतो. त्या १९ वर्षांच्या मुलीच्या आईने मला पहिला प्रश्न औषधाचा विचारला नाही. "हे कुणाला कळणार तर नाही ना? अजून लग्न व्हायचंय," असं ती म्हणाली. चाचणी आणाल तर मराठीत बसून समजावणारा समुपदेशकही आणा, आणि रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार हे लेखी ठरवा. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये 'जनुकीय विकार' असं मोघम कारण सांगून विम्याचा दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं. पण अमेरिकेने २००८ मध्ये केला तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. थुंकीवरून जनुकं तपासणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीकडून २०२३ मध्ये जवळपास ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लोकांची जनुकं तिथे विक्रीच्या यादीतली मालमत्ता झाली. आपल्या गावातल्या शिबिरातली थुंकी कुठे जाते, हे मला माझ्या पेशंटला सांगता येत नाही.

चांगलं काम आपल्या देशात सुरू आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात २० संस्थांनी मिळून ८३ समाजगटांतल्या १० हजारांवर लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले, आणि जानेवारी २०२५ पासून ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना मिळू लागली. आपला सदरा आपल्या मापाने शिवायला आता कापड आलं आहे. शिवायला वेळ लागेल, आणि त्यासाठी आजारांच्या नीट नोंदी लागतील. त्या माझ्यासारख्यांच्या ओपीडीतूनच येणार.

म्हणून मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक स्टेंटच्या पेशंटची एक वही केली आहे: वय, स्टेंटची तारीख, कुठली गोळी, सोबत ॲसिडिटीची कुठली, गोळी मध्ये कुणी बदलली का, पुन्हा दुखलं का. फिटरच्या धाकट्या भावाचंही नाव त्यात आहे. त्याला दिवाळीनंतर स्टेंट बसला, तीच गोळी सुरू झाली, आणि भावाचा रिपोर्ट बघून आम्ही त्याची चाचणी लगेच केली. एक प्रत निकामी निघाली, गोळी बदलली. पेशंटची नावं झाकून ही वही मी आपल्या विभागाला केव्हाही द्यायला तयार आहे. कुणाकडे पाठवू, तेवढं कळवावं.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक फिजिशियन